टाकी अर्ध्यावर आली की घाटात दम तुटायचा : मासळीच्या एका पिकअपचं प्रकरण

साखळीच्या एका मासळी व्यापाऱ्याची पिकअप ऑगस्टअखेर आमच्या फोंड्याच्या गॅरेजात आली ती दुरुस्तीसाठी नव्हे, ताकद वाढवून घेण्यासाठी. अडीच लिटरचं टर्बो कॉमन रेल डिझेल इंजिन (एकाच जाड नळीतून, म्हणजे रेलमधून, सगळ्या इंजेक्टरांना प्रचंड दाबाचं डिझेल देणारं), सिंगल कॅब, बीएस 4 म्हणजे प्रदूषणाच्या आधीच्या नियमांची, कारखान्यातून निघताना 75 हॉर्सपॉवरची. काम ठरलेलं. पहाटे मालीम जेटीवर क्रेट भरायचे, डिचोली, साखळी, केरी करत चोर्ला घाट चढायचा आणि बाजार उघडायच्या आत बेळगाव गाठायचं. मासळी आणि बर्फ मिळून टनाच्या वर वजन. गाडी मालकाचा पुतण्या चालवतो.

तक्रार त्यानेच सांगितली. केरी सुटून चढ लागला की गाडी तिसऱ्या गिअरमध्येसुद्धा ओढत नाही. मध्येच इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि मग ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी इंजिन दोन हजार आरपीएमच्या पुढे जात नाही. कडेला घेऊन बंद केली, दोन मिनिटांनी चालू केली की थोडा वेळ बरी चालते. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. मागे मासळी असल्यामुळे थांबत थांबत जाण्याचा हिशेब बर्फात मोजावा लागतो.

त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की हे इंजिन मुळात कमी ताकदीवर बांधलेलं असतं, ईसीयू (इंजिनाचा संगणक) रिमॅप केला, म्हणजे त्यातली फाइल बदलली, की वीस-पंचवीस टक्के ताकद सहज वाढते. यात तथ्य आहे. मालवाहू पिकअपमध्ये तेच इंजिन कंपन्या कमी ट्यूनवर देतात, कारण ते रोज भरल्या मालाने तासन् तास चालायचं असतं. पण मे महिन्यापर्यंत हीच गाडी हाच माल घेऊन हाच घाट विनातक्रार चढत होती. म्हणजे ताकद अपुरी होती असं नाही, असलेली ताकद कुठेतरी गळत होती. मालकांना मी एवढंच म्हटलं, "शेट, आधी कंपनीने दिलेली ताकद परत मिळवूया. वाढवायचं नंतर बघू." ते थोडे नाराज झाले, पण गाडी ठेवून गेले.

रिमॅप डिझेल व्यवस्थेकडे काय मागतो

ताकद वाढवायची म्हणजे दर फेऱ्याला सिलिंडरमध्ये जास्त डिझेल घालायचं, आणि ते नीट जळावं म्हणून जास्त हवाही. रिमॅपमध्ये इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ वाढतो, रेल प्रेशरची मागणी वाढते, टर्बोचा बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, वाढतो. डिझेल इंजिन पूर्ण लोडवर एका किलोवॅट-तासाला साधारण 220 ग्रॅम डिझेल जाळतं. 55 किलोवॅटच्या या इंजिनाला त्या हिशेबाने घाटात तासाला 14 ते 15 लिटर लागतात. ताकद पंचवीस टक्के वाढवली की हाच आकडा 18 लिटरच्या पुढे जातो. शिवाय पंपातून आणि इंजेक्टरांतून परत टाकीत जाणारं डिझेल वेगळं. हे सगळं टाकीतल्या एका नळीतून, एका फिल्टरमधून ओढून आणायचं असतं. मुळात 15 लिटर नीट पोचत नसतील तर ईसीयूने 18 मागून काय होणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

अशा गाडीवर रिमॅप केला तर पहिल्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर फरक जाणवतो, मालक खूश होतो. घाटात मात्र मागणी आणि पुरवठा यांतली दरी आणखी रुंदावते, पंप कोरडा घासायला लागतो, आणि अशुद्ध डिझेलने आधीच दुखावलेला इंजेक्टर जास्त प्रेशरखाली लवकर संपतो. त्यानंतरचा खर्च रिमॅपच्या कितीतरी पट असतो. म्हणून या क्रमाबाबत मी कुणाचंच ऐकत नाही.

आकडे काय म्हणाले

स्कॅनर लावल्यावर पी0087 निघाला, म्हणजे रेल प्रेशर मागणीपेक्षा कमी. हा कोड आधीही आला होता. दुसऱ्या एका गॅरेजात फिल्टर बदलून कोड पुसून दिला होता आणि त्यानंतर आठवडाभर गाडी बरी चालली होती. ही माहिती कामाची होती. फिल्टर नवा असताना बरी चालते आणि पुन्हा बिघडते, याचा अर्थ फिल्टर भरवणारी गोष्ट गाडीत अजून शिल्लक आहे.

हौद्यात वाळूच्या गोणी घालून फर्मागुडीच्या चढावर नेली आणि लॅपटॉपवर लाइव्ह डेटा घेतला. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, रेल प्रेशर 300 बारच्या आसपास, मागणीला धरून. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दिला तेव्हा ईसीयू 1450 बार मागत होता आणि रेलमध्ये 1080 च्या वर जात नव्हतं. काही सेकंद हा फरक टिकला की दिवा लागायचा आणि गाडी स्वतःला आवरून घ्यायची. टर्बोचा बूस्ट त्याच वेळी मागणीबरहुकूम होता, एअर मासचा (आत येणाऱ्या हवेचा) आकडा ठीक होता, टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचे होज आधीच साबणाच्या पाण्याने तपासले होते. हवेची बाजू निर्दोष ठरली. "ओढत नाही" म्हटल्यावर बरेच जण टर्बोवर हात टाकतात. इथे त्यात एक दिवस आणि बरेच पैसे वाया गेले असते.

आता उरली डिझेलची बाजू, आणि ती मोठी आहे: टाकी, उचल नळी, होज, फिल्टर, पंप, पंपावरचा सक्शन कंट्रोल व्हॉल्व्ह, रेल, इंजेक्टर, परतीची लाइन. कुठेही दोष असला तरी स्कॅनर तोच कोड दाखवतो. इथे गाडी चालवणाऱ्याला बोलतं करावं लागतं. मी पुतण्याला विचारलं की त्रास रोज होतो की एखाद्या दिवशी. तो म्हणाला, "मेस्त्री, टाकी फुल्ल करून निघालो तर वरपर्यंत जाते. काटा अर्ध्यावर आला की नाटकं सुरू." आणखी विचारल्यावर कळलं की सकाळी पहिल्यांदा सेल्फ बराच वेळ मारावा लागतो आणि फिल्टरवरचा प्रायमर (डिझेल भरायचा हातपंप) रात्रीत मऊ पडलेला असतो.

या दोन वाक्यांनी अर्धं निदान झालं. भरलेल्या आणि अर्ध्या टाकीत इंजेक्टरला काही फरक कळत नाही, टर्बोलाही नाही. फरक कळतो फक्त टाकीतल्या नळीला.

हवा कुठून येते

या गाडीत टाकीत मोटर नाही. हाय प्रेशर पंपाच्या पोटात एक छोटा फीड पंप असतो, तोच पुढे बसून डिझेल ओढतो. त्यामुळे टाकीपासून पंपापर्यंतची सगळी लाइन ओढीखाली, म्हणजे व्हॅक्यूममध्ये असते. अशा लाइनला भोक पडलं तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, बाहेरची हवा आत जाते. खाली बघितलं तर सगळं कोरडं ठाक. "कुठेच लिकेज नाही" असं म्हणून गाडी पुढे ढकलली जाते ती यामुळेच.

फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक होज घातला. आयडलला अधूनमधून एखादा बुडबुडा. रेस दिल्यावर बुडबुड्यांची माळच सुरू झाली, आणि दोन हजारच्या पुढे डिझेलचा रंग दुधाळ दिसायला लागला. तिथेच व्हॅक्यूम गेज लावलं तर काटा पाऱ्याच्या 11 इंचांवर गेला. नवा म्हणून सांगितलेला फिल्टर एवढी ओढ दाखवतो म्हणजे तो चोंदलेला होता. एकाच लाइनमध्ये दोन दोष: फिल्टर अडवतोय म्हणून पंप जास्त जोर लावून ओढतोय, आणि जोर वाढला की भोकातून हवा जास्त येतेय.

मग टाकी पूर्ण बाजूला काढणारी चाचणी केली. हौद्यात स्वच्छ डिझेलचा कॅन बांधला, नवा फिल्टर लावला, ओढीची आणि परतीची अशा दोन्ही नळ्या कॅनमध्ये सोडल्या आणि त्याच चढावर गेलो. बुडबुडे गायब. रेल प्रेशर 1080 वरून 1340 पर्यंत आलं. 1450 मात्र नाही. या एका आकड्याने सांगितलं की मोठा दोष टाकीच्या बाजूला आहे आणि एक छोटा दोष पंपाच्या पुढे कुठेतरी शिल्लक आहे. डिझेलच्या कामात मला ही कॅनची चाचणी सगळ्यात भरवशाची वाटते. खर्च नाही, अर्धा तास लागतो, आणि व्यवस्थेचे सरळ दोन भाग होतात.

टाकीच्या आत आणि टाकीच्या वर

टाकी उतरवायच्या आधी तळाचा बोल्ट काढून लिटरभर डिझेल काचेच्या बाटलीत घेतलं आणि रात्रभर टेबलावर ठेवलं. सकाळी बाटलीत तीन थर होते. तळाला बोटभर पाणी, चहाच्या रंगाचं. वर सोनेरी डिझेल. आणि दोहोंच्या मध्ये काळपट, शेवाळासारखी बुळबुळीत साय, बाटली हलवली की धाग्याधाग्यांनी हलणारी. डिझेल आणि पाणी जिथे एकमेकांना टेकतात तिथे जिवाणू आणि बुरशी वाढते. त्यांना पाणी खालून मिळतं आणि खाद्य वरून. गोव्याच्या पावसाळ्यातल्या दमट उबेत ती झपाट्याने वाढते. नव्या फिल्टरला आठवड्यात चोंदवणारी गोष्ट हीच होती. जोडीला तांबूस गंज होता.

पाणी कुठलं हे कळणं गरजेचं होतं, नाहीतर टाकी धुऊन काही उपयोग नसतो. तळाचं थोडं पाणी कागदी फिल्टरमधून गाळून घेतलं आणि तापलेल्या स्टीलच्या पत्र्यावर त्याचे थेंब टाकले. चुर्र होऊन पाणी उडालं आणि थेंबाच्या जागी पांढरी कड उरली. पावसाचं पाणी अशी कड सोडत नाही. हे मिठाचं पाणी होतं.

टाकी खाली उतरल्यावर उलगडा झाला. या पिकअपची टाकी हौद्याखाली एका बाजूला असते. क्रेटमधला बर्फ विरघळून, मासळीचं खारं पाणी घेऊन हौद्यात साचतं आणि फटींतून खाली पडतं. हौद्याच्या तळाला ज्या कोपऱ्यात पत्रा सडून भोक पडलं होतं, तो बरोबर टाकीच्या माथ्यावर येत होता. तिथे फ्लोटचा सेंडर युनिट (डिझेलचा काटा चालवणारा) आणि उचल नळी एकाच झाकणावर बसवलेली असतात. झाकणाचे स्क्रू गंजून नुसते टोपीपुरते उरले होते, रबरी रिंग कडक होऊन तडकली होती. खारं पाणी टाकीच्या माथ्यावर थांबायचं आणि रिंगेखालून हळूहळू आत उतरायचं.

उचल नळी हातात घेतली तेव्हा बाहेरून ती नुसती गंजलेली दिसत होती. एक टोक अंगठ्याने बंद करून, नळी पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकाने हवा सोडली, तर साधारण मधोमध दोन ठिकाणांहून बारीक बुडबुडे आले. सुईच्या टोकाएवढी दोन छिद्रं. टाकी भरलेली असली की ती डिझेलखाली असतात आणि तिथून डिझेलच आत येतं, कुणाला काही कळत नाही. पातळी त्यांच्या खाली गेली की तिथून हवा येते. पुतण्याचं "काटा अर्ध्यावर आला की" हे वाक्य या नळीवर बोट ठेवून दाखवता येत होतं, आणि मी मालकांना बोलावून तसं दाखवलंही.

तक्रार ऑगस्टमध्येच का उमटली, याचंही उत्तर यातच आहे. गोव्यात 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरना मासेमारी बंदी असते. त्या दोन महिन्यांत गाडी घराशेजारी उघड्यावर उभी होती, टाकी अर्धी. वर्षभर आत गेलेलं खारं पाणी तळाशी निवांत बसलं, जोडीला तडकलेल्या रिंगेतून पाऊस येत राहिला, अर्ध्या रिकाम्या टाकीतल्या दमट हवेचं पाणी पत्र्यावर धरलं. रोज चालणाऱ्या गाडीत डिझेल सतत ढवळलं जातं आणि बदलतं. उभ्या गाडीत गंजाला आणि बुरशीला हवी तेवढी सवड मिळते. 1 ऑगस्टला जेटी उघडली आणि गाडी थेट भरल्या मालाने घाटाला लावली.

फिल्टरच्या तळाशी पाणी जमलं की दिवा लावणारा सेन्सर असतो. त्याची वायर कनेक्टरमध्येच सडून सुटली होती. पाणी साचल्याचा इशारा या गाडीने द्यायचा कधीच बंद केला होता.

पंपाच्या पुढचा दोष

जुना फिल्टर कापून कागद उलगडला. मालकाचा खर्च हजारांत राहणार की लाखात जाणार, हे या कागदावर ठरतं. घडीत तपकिरी भुकटी आणि काळी साय असेल तर ती टाकीतली घाण. चकचकीत, अभ्रकासारखी चमकणारी कणी दिसली तर पंप आतून सोलतोय, आणि मग पंप, रेल, इंजेक्टर, नळ्या सगळंच बदलावं लागतं, कारण ती कणी सगळीकडे पोचलेली असते. फिल्टर पंपाच्या अलीकडे असतो, त्यामुळे पंपाची कणी त्यात परतीच्या वाटेने टाकीत येऊनच सापडते. म्हणून पंपावरचा सक्शन कंट्रोल व्हॉल्व्हही काढून पाहिला. सुदैवाने दोन्हीकडे चमक नव्हती. व्हॉल्व्हच्या दांड्यावर गंजाचा डाग होता आणि तो हाताला अडखळत सरकत होता. हा व्हॉल्व्ह पंपात किती डिझेल शिरायचं ते ठरवतो. तो अडखळला की प्रेशरही अडखळतं. साफ करून बसवता आला असता, पण एकदा गंजलेला दांडा पुन्हा अडकतो, म्हणून नवा घातला. बदलल्यावर स्कॅनरवरून ईसीयूला पंपाचं लर्निंग नव्याने करायला लावावं लागतं. ते न करता गाडी दिली तर आयडल वर-खाली होत राहतं आणि दोष नव्या व्हॉल्व्हच्या माथी बसतो.

मग चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडून चाचणी घेतली. तीन बाटल्यांत 22 ते 26 मिलिलिटर, तिसऱ्या सिलिंडरच्या बाटलीत 61. तो इंजेक्टर आलेलं प्रेशर आतल्या आत परतीत सोडत होता. आतल्या व्हॉल्व्हची बैठक पाण्याने खाल्ली की असं होतं. इथे दोन भागांमधली फट काही मायक्रॉनची असते, तिला डिझेलच वंगण देतं, आणि पाण्यात ते वंगण नाही. बीएस 6 च्या डिझेलमध्ये गंधकाचं प्रमाण 10 पीपीएमवर आणलंय. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचं मूळचं वंगणही कमी होतं आणि ते ॲडिटिव्ह घालून भरून काढतात. अशा डिझेलात पाणी मिसळलं की इजा आणखी लवकर होते.

चारही इंजेक्टर बदलावेत का? मालकांनी हा प्रश्न काळजीने विचारला आणि तो रास्त होता. चारही काढून इंजेक्टरच्या दुकानात टेस्ट बेंचवर लावले. तिघांचे आकडे मर्यादेत निघाले, म्हणून एकच नवा घेतला. त्याच्या डोक्यावरचा कोड ईसीयूत लिहिला, कारण प्रत्येक इंजेक्टरचा स्वभाव कारखान्यात मोजून त्या कोडमध्ये नोंदवलेला असतो. तांब्याचे वॉशर चारही नवे, तिसऱ्या सिलिंडरची हाय प्रेशर नळी नवी. नट उघडायच्या आधी सगळा भाग धुऊन हवा मारली आणि उघडलेल्या प्रत्येक तोंडावर झाकण लावलं. या पायरीला घाई झाली तर धुळीचा एक कण नवा इंजेक्टर संपवतो.

इथे एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे, कारण गावोगावच्या गॅरेजांत अजून ती दिसते. जुन्या डिझेल इंजिनात कुठला सिलिंडर मिस करतोय हे बघायला इंजिन चालू ठेवून इंजेक्टरचा नट सैल करायची रीत होती. कॉमन रेलवर हे कधीही करू नका. हजार बारच्या वरचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं. जखम टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही फार, पण आत पसरलेल्या डिझेलमुळे बोट किंवा हात गमवायची वेळ येते. असं काही झालं तर मलमपट्टी न करता तडक इस्पितळ गाठायचं आणि हाय प्रेशर डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा, हात नव्हे.

जुळवणी

टाकी आतून फार सडली नव्हती, पण धुऊन पुन्हा लावण्यापेक्षा नवी घेतली, कारण गंज एकदा पत्र्यात शिरला की तो थांबत नाही. नवा सेंडर, नवी उचल नळी, नवी रिंग, स्टेनलेस स्क्रू. टाकीपासून फिल्टरपर्यंतचे होज आणि क्लिपा बदलल्या, फिल्लरच्या झाकणाचं रबर बदललं, श्वास घेणारी नळी फुंकून मोकळी केली. स्टीलच्या नळ्यांमधून साफ डिझेल फिरवून बाहेर टाकलं. वॉटर सेन्सरची वायर जोडली.

मालकांना जास्तीचा वॉटर सेपरेटर बसवून हवा होता. कल्पना चांगली आहे, पण ओढीवर चालणाऱ्या लाइनमध्ये लहान आकाराचा सेपरेटर घातला तर तो स्वतःच अडथळा होतो. पंपाच्या गरजेच्या दुप्पट प्रवाह झेपेल असा मोठा, खाली पारदर्शक कप असलेला घेतला आणि बसवल्यावर पुन्हा गेज लावलं. काटा 3 इंचांवर. पारदर्शक होजमध्ये एकही बुडबुडा नाही. फर्मागुडीच्या चढावर मागणी 1450, रेलमध्ये 1430. अर्ध्या टाकीवर घेतलेला आकडा आहे हा.

हौद्याचा सडलेला कोपरा कापून नवा पत्रा जोडून घेतला, खाली अॅल्युमिनियमचा ट्रे दिला आणि त्याचं पाणी नळीने टाकीपासून दूर, मागच्या टोकाला असलेल्या डब्यात नेलं. माझ्या मते या साऱ्या कामात सगळ्यात महत्त्वाची वस्तू हा ट्रे आहे, जरी त्याचा इंजिनाशी थेट संबंध नसला तरी. तो नसता तर नवी टाकीही पुढच्या काही पावसाळ्यांत त्याच वाटेने गेली असती.

पाणी पुन्हा आलं

गाडी घाट चढायला लागली. पुतण्याचा फोन आला की चोर्ल्यात तिसऱ्यात सुरळीत जाते, दिवा नाही. कपात पाणी दिसलं तर लगेच यायचं असं बजावून ठेवलं होतं, आणि सप्टेंबरात तो आला. कपात खरंच पाणी होतं, चमचाभर.

पुन्हा तीच पत्र्याची चाचणी केली. या वेळी थेंब उडून गेला आणि मागे पांढरं काहीच उरलं नाही. म्हणजे हौद्याचं खारं पाणी नव्हे. सेंडरची रिंग पाहिली, कोरडी होती. मग डिझेल कुठे भरता असं विचारलं. नेहमी पंपावरच, असं उत्तर आलं. थोडं थांबून त्याने सांगितलं की पहाटे उशीर झाला तर घरच्या पिंपातलं घालतो, जनरेटरसाठी ठेवलेलं.

ते पिंप मी साखळीला जाऊन पाहिलं. अंगणात, अर्ध्या पत्र्याखाली उभं ठेवलेलं, वरच्या कडेच्या आतल्या खोलगटात पावसाचं पाणी साचलेलं, बुचावर येईल इतकं. दिवसा ऊन लागलं की पिंपातली हवा फुगून बुचातून बाहेर जाते, रात्री थंड झाली की पिंप आत ओढतं, आणि बुचावर पाणी साचलेलं असेल तर हवेऐवजी पाणी ओढतं. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा पावसात उभं ठेवलेलं पिंप म्हणजे पाणी साठवायचीच सोय. तळाला काठीवर वॉटर पेस्ट लावून बुडवली तर तिचा रंग चार बोटं बदलला.

पिंप आडवं करून, दोन्ही बुचं डिझेलच्या पातळीखाली येतील असं लाकडी पाटावर छपराखाली ठेवायला लावलं, आणि गाडीत त्यातलं डिझेल घालणं बंद करवलं. जनरेटरलाही ते गाळणीतून, तळाचं चार बोटं सोडून घ्यायचं. पुतण्याने मधल्या काळात बाटलीतलं इंजेक्टर क्लीनरही टाकीत ओतलं होतं. असल्या काही बाटल्यांत अल्कोहोल असतं, ते पाण्याला डिझेलात मिसळवून फिल्टरपार नेतं आणि थेट इंजेक्टरपर्यंत पोचवतं. पाणी असलेल्या टाकीत ते घालू नये. पाणी काढायचं ते खालूनच.

आणि रिमॅप?

मालकांनी तो विषय सोडलेला नाही, आणि त्यांची गरज मला कळते. बेळगावचा बाजार कुणासाठी थांबत नाही. दुरुस्तीचा एकूण खर्च त्यांना मिळालेल्या रिमॅपच्या कोटेशनच्या दुपटीहून जास्त झाला, तेव्हा "आता एवढं केलंच आहे तर" असं वाटणंही साहजिक आहे. मी त्यांना काही गोष्टी समोर ठेवून सांगितल्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीत असा बदल करता येत नाही की ज्यामुळे नोंदणीतला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल. अपघात झाला तर विमा कंपनी नेमकी याच गोष्टीला धरते. पीयूसीत बीएस 4 डिझेलला के-व्हॅल्यू (धुराच्या दाटपणाचं माप) 1.62 च्या आत लागते, आणि धूर सोडून ताकद देणारी फाइल तिथेच अडकते. बाजारात फुकटात फिरणाऱ्या बहुतेक फाइली तशाच असतात. भरल्या मालाने लांब चढावर जास्त डिझेल जाळलं की एक्झॉस्टचं तापमान चढतं आणि पहिला मार टर्बोला बसतो. गाडीचा क्लचही बराच चाललेला आहे.

एवढं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे करू नको म्हणतोस?" मी म्हटलं, आत्ता नको. फक्त मासळीच्या दिवसांत, फक्त चोर्ल्याच्या चढासाठी लागणारी ताकद त्यांना आता मूळ इंजिनातूनच मिळतेय, आणि गेल्या आठवड्यात पुतण्याने वेळ लावून बघितली तेव्हा केरीपासून घाटमाथा मे महिन्यात जेवढ्यात यायचा तेवढ्यातच आला.

ठरलंय ते असं. डिसेंबरात पाऊस पूर्ण सरल्यावर गाडी परत येईल. फिल्टर कापून कागद बघायचा. चारही इंजेक्टरांच्या परतीचं डिझेल पुन्हा मोजायचं. टाकी अर्ध्यावर ठेवून, पूर्ण माल भरून, फर्मागुडीऐवजी थेट चोर्ल्यात केरी ते माथा असा सलग लॉग घ्यायचा. मागणी आणि प्रत्यक्ष प्रेशर यांत चढभर 50 बारच्या आत फरक राहिला आणि कपात पाणी नसलं, तरच आरटीओत काय चालतं, काय नाही, हे विचारून पुढचं बोलायचं. आणि त्याआधी गिअरबॉक्स उतरवून क्लच बघायचा.